कासवांची वीण आणि बंधाऱ्यांची दुरुस्ती

पावसाळ्यात लाटांच्या माऱ्याने कोकणातील धूपप्रतिबंधक बंधारे ढासळतात व त्यांच्या दुरुस्तीची कामे बहुधा दिवाळीनंतर सुरू होतात. नेमक्या याच सुमारास, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री पुळणीवर येते. भरतीरेषेच्या वर सुमारे दीड फूट खोल खड्ड्यात ती शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात परतते. पिल्ले निघण्यास साधारणतः ५० दिवस लागतात. मार्चमधील घरट्यांच्या बाबतीत मे उजाडतो. पुढे पुन्हा पावसाळाच. दुरुस्तीस वेगळा महिना काढणे त्यामुळे अवघड आहे. बदलावयाची ती कामाची रीत.

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत हा प्राणी आहे. त्याची अंडी हलविणे हे ठेकेदाराचे काम नव्हे. अंडी घातल्यानंतर काही तासांतच गर्भ कवचाला आतून चिकटतो. मग अंडे उलटले तर तो मरतो. म्हणून यंत्र वाळूत उतरविण्यापूर्वी रोज पहाटे जाणकाराने मादीचा माग पाहावा व घरटे आढळताच वन विभागास कळवावे. वेळासला २००२ पासून ग्रामस्थांच्या सहभागाने घरटी राखली जात आहेत. असे जाणकार किनाऱ्यावर मिळतात. अंदाजपत्रकात एका माणसाची मजुरी वाढेल, इतकेच.

दगडांचे ढीग जमिनीकडील बाजूस रचावेत. पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात, तेव्हा रात्री पुळणीवर दिव्यांचा प्रकाश पडू देऊ नये. दिवसा खणलेले चर संध्याकाळी बुजवावेत. त्यांत पडलेले पिल्लू वर चढू शकत नाही.