शाळा फुकट, मग महिन्याला पैसे कशाला?

सरकारी शाळेत फी नाही, पुस्तकं मिळतात, दुपारची खिचडी मिळते. मग वर घराला महिन्याला रोख पैसे कशाला, असं चांगली जाणती माणसंही विचारतात. त्यांचा हिशेब अर्धाच असतो. तेरा वर्षांचं पोर आईबरोबर कापूस वेचायला गेलं तर घरात मजुरी येते, शाळेत गेलं तर ती बुडते. बाप गेलेल्या घरात ही बुडालेली मजुरी हीच शाळेची फी.

मेक्सिकोने १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ योजना आखताना नेमकं हेच धरलं. इयत्ता वाढेल तशी रक्कम वाढायची, कारण पोर मोठं होतं तशी त्याची मजुरीही वाढते. माध्यमिकला मुलींना मुलांपेक्षा जास्त पैसे, आणि ते आईच्या हातात. ३२० गावांत आधी योजना सुरू करून तिची तुलना १८६ गावांशी केली गेली. प्राथमिकला फरक थोडाच पडला. तिथं मुलं आधीपासून येतच होती. माध्यमिकच्या उंबरठ्यावर अडणाऱ्या मुली मात्र आत आल्या.

‘रोख दिली की दारूत जाते’ हा समज गरिबांवर अन्याय करणारा आहे. जागतिक बँकेच्या दोन अभ्यासकांनी २०१४ मध्ये वेगवेगळ्या देशांतले १९ अभ्यास एकत्र तपासले. दारू-तंबाखूवरचा खर्च अशा पैशाने वाढतो, असं त्यातून दिसलं नाही.

पैसे देताना शाळेतल्या हजेरीची अट हवीच का? याचं उत्तर सरळ नाही. मलावीतल्या झोंबा जिल्ह्यात काही मुलींना अटीवर, काहींना बिनअट पैसे दिले. अटीमुळे शाळा जास्त टिकली. पण ज्यांची शाळा तरीही सुटली, त्यांच्यात बिनअट पैसे मिळणाऱ्या मुलींची लवकरची लग्नं आणि गरोदरपणं कमी राहिली. अट मोडली म्हणून मदत तोडायची, तर सर्वांत अडचणीतली मुलगीच उघड्यावर पडते. मला हे विसरता येत नाही.

आपल्याकडचा सर्वांत महागात पडणारा गैरसमज महाराष्ट्र सरकारच्या, मुलांसाठी दरमहा पैसे देणाऱ्या बालसंगोपन योजनेबद्दल आहे: ती फक्त अनाथांसाठी असते म्हणे. तसं नाही. आई किंवा वडील यांपैकी एकच हयात असलेली, आईवडील विभक्त झालेली, पालक गंभीर आजारी किंवा तुरुंगात असलेली मुलंही त्यात बसतात. विधवा आईला मूल दुसऱ्याकडे सोपवावं लागत नाही. २०२३ पासून रक्कम दरमहा १,१०० वरून २,२५० रुपये झाली, वयाची मर्यादा १८ वर्षं. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जातो, मंजुरीचा आदेश बालकल्याण समिती देते. वडिलांचा मृत्यू दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड ही कागदं आईने रोज बुडवून गोळा करायची असतात. गावातल्या शिक्षकाने किंवा अंगणवाडीताईने तिच्याबरोबर एक दिवस तालुक्याला जायचं ठरवलं, तर तिचे पुढचे चार हेलपाटे वाचतात.