तिसऱ्यांच्या वाट्यातली लॉटरी

दादरच्या किंवा लालबागच्या बाजारात आईबाबांबरोबर मासळी घ्यायला गेलात, की तिसऱ्यांचा वाटा जरा निरखून बघा. (घरी मासे खात नसतील तर लांबून बघा. नाक दाबून बघितलं तरी चालेल!) पहिल्या नजरेला सगळ्या सारख्याच दिसतात. पण दहा तिसऱ्या शेजारी शेजारी ठेवा. कुणावर तपकिरी रेघा, कुणावर नागमोडी नक्षी, तर कुणी अगदीच पांढरट. आमच्या चौथीच्या वर्गाने चौपाटीवरचे रिकामे शिंपले आणून जुळी शोधायचा खेळ खेळला होता. अर्धा तास गेला, तरी हुबेहूब जुळी काही मिळेनात.

तिसरीला दोन शिंपा असतात. एक काढून टाकायची, मांस असलेली दुसरी तशीच ठेवून कालवण करायचं, त्याला म्हणतात एकशिपी. शास्त्रज्ञांनी मात्र दोन्ही शिंपा मोजल्या आणि या प्राण्यांना ‘द्विपुट’ असं भारदस्त नाव दिलं. तिसऱ्या, खडकाला चिकटलेली कालवं, कोकणातले हिरव्या कवचाचे शिनाणे, ही सगळी द्विपुटंच.

आता ही नक्षी वेगवेगळी का? थोडा फरक जिथं वाढतात तिथल्या चिखलापाण्यामुळे पडतो, आणि थोडा येतो आईवडिलांकडून, जनुकांमधून. आपले केस कुरळे की सरळ हे येतं ना, तसंच. अमेरिकेत एका जातीच्या शिंपल्यांची शेती करतात. त्यांची नागमोडी तपकिरी नक्षी वारशानेच येते. म्हणून शेतीसाठी मुद्दाम नक्षीवाली पिल्लं घेतात. पाळलेला शिंपला कुठला आणि रानातला कुठला, हे नुसतं बघूनच कळतं!

पण खरी गंमत पुढेच आहे. कालवांमध्ये नर आणि मादी दोघंही आपापली बीजं सरळ पाण्यात सोडून देतात. एक मोठी मादी एका वेळी लाखो, कधी कधी कोटीच्या घरात अंडी सोडते. त्यातून निघालेली पिल्लं डोळ्यांना दिसणारही नाहीत इतकी बारीक. दोन-तीन आठवडे ती प्रवाहाबरोबर तरंगतात. बहुतेक सगळी कुणाच्या तरी पोटात जातात, नाहीतर वाहून नको तिथं पोचतात. फार थोड्यांना खडक सापडतो. कालवाचं पिल्लू तिथं एकदा चिकटलं, की जन्मभर तिथंच.

म्हणजे ही लॉटरीच झाली! डेनिस हेजकॉक या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये हेच मांडलं. काही आईवडिलांची हजारो पिल्लं जगतात, बाकीच्यांचं एकही नाही. तेव्हा खडकावर एक लाख कालवं दिसली, म्हणून त्या एक लाखांची जनुकं पुढच्या पिढीत उतरतील असं नाही. वर्गात पन्नास मुलं असावीत आणि हात मात्र दोघांनीच वर करावा, तसं काहीसं. म्हणून ‘भरपूर आहेत की, घ्या काढून’ हा हिशेब इथं फसतो.

जनुकं वेगवेगळी असली तर फायदा काय? २००८ पासून फ्रान्समध्ये एका विषाणूमुळे शेतीतली लहान कालवं ढिगाने मरायला लागली. पण सगळी मेली नाहीत. काही कुटुंबांमधली पिल्लं इतरांपेक्षा जास्त तग धरून राहिली, कारण रोगाशी झुंजायची ताकद त्यांना वारशाने मिळाली होती. मग शास्त्रज्ञांनी त्यांचीच पैदास वाढवली. आधीपासून सगळी एकाच साच्यातली असती, तर निवडणार कुणाला?

जनुकं वाचता आली की गुप्तहेरासारखं कामही करता येतं. केरळच्या किनाऱ्यावर एक तपकिरी शिनाणा आहे. १९७६ मध्ये त्याला भारताची खास जात ठरवून नावातही ‘इंडिका’ लावलं गेलं. पुढे २०१६ मध्ये न्यूझीलंड आणि भारतातल्या शास्त्रज्ञांनी त्याचा डीएनए आणि इतर खुणा तपासल्या. निष्कर्ष काय निघाला, तर स्वारी ओमानकडून शंभराहून जास्त वर्षांपूर्वी आलेली! नाव आपलं, गाव दुसरंच.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. ओहोटीला गिरगाव, हाजी अली, वरळीच्या खडकांवर कालवं दिसतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७ पासून लोकांना असे किनारे दाखवतो आहे. २०१८ मध्ये मरीन ड्राइव्ह ते वरळी किनारी रस्त्याचं काम सुरू झालं आणि समुद्रात भराव पडला. तिथल्या काही प्रवाळांना २०२० मध्ये उचलून दुसरीकडे लावलं, कारण प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. साध्या कालवाला आणि तिसरीला ते नाही. आणि कालव तर पळूही शकत नाही बिचारं! भरावाखाली नुसते खडक जात नाहीत. तरंगत आलेल्या पिल्लांना टेकायची जागाही जाते, आणि एका किनाऱ्याची जनुकं दुसऱ्या किनाऱ्याला पोचवणाऱ्या साखळीतली कडी निसटते.

आणखी एक गोष्ट मोठ्यांनाही ठाऊक नसते. कालवांच्या बऱ्याच जाती लहानपणी नर असतात, आणि वाढली की त्यातली पुष्कळशी मादी होतात. मोठी मोठी तेवढी खरवडून नेली, तर अंडी घालायला कोण उरणार?

केरळात अष्टमुडी नावाचं खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे. तिथं आपल्या तिसऱ्यांच्याच कुळातले शिंपले काढतात. १९९३ मध्ये उत्पन्न एकदम घसरलं, तेव्हा नियम झाले. डिसेंबर ते फेब्रुवारी, पैदाशीच्या दिवसांत काढणी बंद. जाळ्याची भोकं निदान ३० मिलिमीटरची, म्हणजे बारकी पिल्लं खाली गळून पडतात. नियम पाळले गेले, शिंपले टिकले, आणि २०१४ मध्ये या मासेमारीला एमएससी हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. भारतातलं ते पहिलंच.

पुढच्या वेळी बाजारात वाटा घेताना कोळीणमावशींना विचाराल का, की या तिसऱ्या कुठल्या खाडीतून आल्या, आणि पूर्वी त्या केवढ्या मोठ्या मिळायच्या? वहीत लिहून ठेवा. आजीलाही विचारा, तिचं उत्तर शेजारी लिहा.