मांजरीच्या अंगावरून घरात येणारे गोचीड

गोचीड म्हणजे: कीटक नव्हे, कोळ्याच्या वर्गातला, रक्तावर जगणारा जीव. पिल्लाला ६ पाय, पूर्ण वाढलेल्याला ८. पिसू उडी मारते, गोचीड कातडीला चिकटून बसतो.

कुठे शोधाल: कान, मान, काखा, बोटांच्या बेचक्या. मांजर बाहेरून आली की रोज.

काढताना: चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढा. रॉकेल, पेटती काडी नको. मग हात साबणाने धुवा.

सर्वांत महत्त्वाचे: कुत्र्यांचे पर्मेथ्रिनयुक्त औषध मांजरीला कधीही लावू नका, तिच्या जिवावर बेतते.

माकडताप: जंगलातल्या गोचिडांमुळे होणारा विषाणूजन्य आजार. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात ओळखला गेला. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातही साथ. गोचीड चावल्यानंतर ताप आला, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.