फुरसुंगीचा फेणे आणि आमच्याकडचा काटा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. शेजारची अकरावीतली मुलगी दुपारी आली, दोनशेपानी वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, ‘‘काका, वाचा अन् खरं सांगा.’’ वहीवर ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘फास्टर फेणे यवतमाळात’.

मी सावरून बसलो. निवृत्त मराठी शिक्षकाला कुणी ‘खरं सांगा’ म्हटले की त्याचा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. फार वर्षांपूर्वी एका मुलाने शेरलॉक होम्सला यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला गाडीत बसवून कथा लिहिली होती. मी तिच्यावर एकच शब्द लिहिला, ‘अनुकरण’. त्या मुलाने पुन्हा मला काही दाखवले नाही. तो शेरा खोटा नव्हता, पण निरुपयोगी होता. म्हणून या वेळी पेन बाजूला ठेवला आणि वही दोनदा वाचली.

भा. रा. भागवतांचा बनेश फेणे ज्यांनी लहानपणी वाचला, त्यांना तो अजून आपला वर्गमित्रच वाटतो. फुरसुंगीचा, पुण्यात शिकणारा, सायकलवर भटकणारा आणि जिभेने ‘ट्टॉक्’ करणारा हा पोरगा. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवनने त्याला चेहरा दिला. 2017 च्या चित्रपटात अमेय वाघचा फेणे चांगला तरुण झाला होता. भागवत 2001 मध्ये गेले. लेखक गेला तरी वाचकाला ‘आणखी एक गोष्ट’ हवीच असते, आणि कुणी देत नसेल तर तो ती स्वतः लिहितो. यात कमीपणा नाही. कॉनन डॉयलने 1893 मध्ये होम्सला संपवले, तेव्हा वाचक इतके चिडले की 1903 मध्ये त्याला जिवंत करावे लागले. तेव्हापासून किती जणांनी होम्स लिहिला, त्याची गणती नाही. आता, वहीत लिहायला कुणाची हरकत नसली तरी छापायचे तर वारसांना विचारावे लागते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतात. तेवढे मी तिला आधीच सांगून टाकले.

तर कथा. पुण्याच्या एका बंगल्यातला रत्नहार चोरीला जातो, चोर यवतमाळला पळतो, फेणे पाठलाग करतो. ‘ट्टॉक्’ पानोपानी. मी मोजले, एकेचाळीस वेळा! फेणे कराटे खेळतो, जीप चालवतो आणि शेवटी चोराची मानगूट धरतो. लगेच चोर दोन पाने भरून सगळे कबूल करतो. हा हार कुठे होता, कसा सापडला, याचा एकही धागा आधी वाचकाच्या हाती नाही.

मी म्हटले, ‘‘अगं, तुझा फेणे सगळ्यात हुशार झाला, म्हणूनच तो फेणे राहिला नाही. तो नसत्या चौकशा करून संकटात पडणारा शाळकरी पोरगा. त्याला जीप कशाला? आणि तुझ्या चोराने कबुलीच दिली नसती तर?’’

ती हिरमुसली, पण गप्प बसणारी नव्हे. तिने मोबाईल काढून भावाने टाकून दिलेला एक जपानी खेळ दाखवला. ‘एस अ‍ॅटर्नी’, मूळचा 2001 चा. खेळ कसला, वाचायची कादंबरीच! आपण वकील व्हायचे, पुरावे गोळा करायचे आणि साक्षीदार खोटे बोलला की त्याच्या नेमक्या त्या वाक्यावर योग्य पुरावा पुढे करायचा. पुरावा आधीपासून आपल्याच यादीत असतो. फक्त दिसला पाहिजे. मला रोनाल्ड नॉक्स आठवले. हेरकथेने वाचकापासून धागे लपवू नयेत, हा नियम या पाद्रीबाबांनी 1929 मध्येच घालून दिला होता. म्हटले, ‘‘हे तुला कळतंय, मग वहीत का नाही?’’

खरे तर वहीत ते होते. सतराव्या पानावर, अर्धेच पान. फेणे एका शेतकऱ्याबरोबर कापूस विकायला जातो. भरल्या टेम्पोचे वजन होते, कापूस उतरतो, मग रिकाम्या टेम्पोचे. पहिल्या फेरीच्या चिठ्ठीवर रिकाम्या टेम्पोचे वजन 910 किलो, दुसऱ्या फेरीच्या चिठ्ठीवर 965. टेम्पो तोच. दुसऱ्या वेळी चिठ्ठी फाडणाऱ्याचा माणूस गप्पा मारत केबिनमध्ये चढून बसला होता. बस्स, एवढेच लिहून फेणे पुन्हा हाराच्या मागे पळतो.

मी वही बंद केली. पंचावन्न किलो! म्हणजे अर्ध्या क्विंटलहून जास्त कापूस, एक माणूस बसल्या जागी खाऊन गेला. दोन चिठ्ठ्या, एक वजाबाकी, आणि उत्तर वाचकाच्या डोळ्यांसमोर. ‘‘पोरी, तुझं रहस्य इथं आहे. हार फेकून दे.’’

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हळू आवाजात म्हणाली, ‘‘काका, ते तर खरंच झालं होतं न. बाबाले पुढच्या वर्षी तिथंच कापूस न्या लागते.’’

आता गप्प व्हायची पाळी माझी होती. हार, जीप, कराटे हे सगळे तिने का लिहिले, ते मला तेव्हा उमगले. माझी सगळी टीका बरोबर होती आणि तिची भीतीही बरोबर होती. शेवटी एवढेच म्हटले, की गावाचे नाव बदल, टेम्पोऐवजी बैलगाडी कर, आकडे बदल. वजाबाकी मात्र ठेव. आणि आधी बाबांना वाचून दाखव.

संक्रांतीला नवी वही आली. बाबांनी वाचली होती. आकडे त्यांनीच दुरुस्त केले होते. रिकाम्या बैलगाडीचे वजन किती असते, हे लेकीला ठाऊक नव्हते! फेणे आता सायकल काट्याला टेकवून उभा राहतो, काट्याचा आकडा हलतो आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो. ‘ट्टॉक्’ फक्त तिथे, एकदाच.

तरी मी एक खुसपट काढलेच. म्हटले, ‘‘फुरसुंगीचा पोरगा शेवटी वऱ्हाडी कसा बोलायला लागला?’’

‘‘चार दिवस राहिला न तो आमच्याकडं,’’ ती म्हणाली.