क्रीम सगळे पांढरेच, पण आत काय आहे?

मेडिकलच्या काउंटरवर दिवसातून अनेकदा एक मागणी होते, ‘‘चेहऱ्यावरच्या काळ्या डागांसाठी एखादी चांगली ट्यूब द्या.’’ दुकानदार ट्यूब काढून देतो. किंमत परवडणारी असते. आठवड्याभरात चेहरा उजळ दिसू लागतो, मुरुम बसतात, ओळखीच्या बायका विचारू लागतात, ‘‘काय लावतेस गं?’’ मग तीच ट्यूब बहीण नेते, शेजारीण नेते. सहा महिन्यांनी ती बाई त्वचारोग विभागाच्या रांगेत उभी असते. गाल लाल झालेले, उन्हात गेले की आग, गालांवर लव वाढलेली आणि बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दिसू लागलेले. ट्यूब बंद केली की चेहरा आणखी पेटतो, त्यामुळे ती बंद करायचीही भीती.

अशा बहुतेक ट्यूबवर आतल्या औषधाचे नाव छापलेले असते. पण अक्षर बारीक असते, नाव अनोळखी असते आणि त्या नावाचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो. चेहऱ्याला लावायच्या क्रीममधले नेहमीचे घटक कोणते, ते त्वचेत काय करतात आणि कोणते क्रीम स्वतःच्या मनाने लावू नये, एवढे कळले तरी बराच त्रास टळू शकतो.

त्वचेचा रंग तयार कसा होतो?

त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करतात. त्यासाठी टायरोसिनेज नावाचे विकर लागते आणि या विकराला काम करण्यासाठी तांब्याची गरज असते. तयार झालेल्या रंगद्रव्याच्या बारीक पुड्या आजूबाजूच्या पेशींना पोहोचवल्या जातात. एक मेलॅनोसाइट साधारण ३५ ते ४० पेशींना रंग पुरवते.

गोऱ्या आणि सावळ्या माणसांच्या त्वचेत या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो रंगद्रव्याच्या पुड्यांचा आकार, प्रमाण आणि प्रकार यांत. तो आनुवंशिक आहे. त्यामुळे जन्मजात रंग कायमचा बदलणारे क्रीम अस्तित्वात नाही. उन्हाने, मुरुमानंतर किंवा वांगामुळे आलेला जादा काळेपणा मात्र कमी करता येतो. डाग घालवणारे घटक या साखळीतल्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर काम करतात. काही टायरोसिनेजला अडवतात, काही पुड्यांची पोहोचवणी कमी करतात, काही वरच्या पेशी लवकर झडायला लावतात.

सौम्य घटक

निआसिनामाइड हे ब-३ जीवनसत्त्वाचे रूप आहे. ते रंगद्रव्य तयार होणे थांबवत नाही, त्याची पोहोचवणी कमी करते. शिवाय त्वचेचा संरक्षक थर मजबूत करते. २ ते ५ टक्के प्रमाणात ते बहुतेकांना सोसते. क जीवनसत्त्व टायरोसिनेजला थोडे आवरते, पण हवा आणि उजेड लागला की ते बिघडते. बाटलीतला द्रव तपकिरी झाला असेल तर त्याचा उपयोग कमी झाला असे समजावे. कोजिक आम्ल हे बुरशीपासून मिळते आणि तेही टायरोसिनेजला अडवते, मात्र काहींना त्याची ॲलर्जी येते. ॲझेलेइक आम्ल मुरुम आणि त्यानंतरचे डाग या दोन्हींवर चालते. ग्लायकोलिक आम्ल वरचा मृत थर सुटायला मदत करते. प्रमाण जास्त झाले तर त्यानेच भाजल्यासारखे होऊन नवे डाग पडतात.

या सगळ्यांचा परिणाम हळू दिसतो. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण एक महिना लागतो, म्हणून दोन-तीन महिने धीर धरावा लागतो. आठ दिवसांत उजळ करणारे क्रीम हातात आले, तर आत यापैकी काहीच नसून वेगळे काही असण्याची शक्यता जास्त.

सर्वांत उपयोगी क्रीम हे डाग घालवणारे नसून डाग पडू न देणारे, म्हणजे सनस्क्रीन असते. एसपीएफ १५ असलेले सनस्क्रीन ‘यूव्हीबी’ या अतिनील किरणांपैकी सुमारे ९३ टक्के अडवते, ३० असलेले ९७ टक्के आणि ५० असलेले ९८ टक्के. म्हणजे ३० च्या पुढे आकडा कितीही वाढला तरी फरक थोडा. खरा फरक पडतो तो पुरेशा प्रमाणात लावण्याने आणि दोन-तीन तासांनी पुन्हा लावण्याने. वांग असलेल्यांनी आयर्न ऑक्साइड असलेले, किंचित त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन घेतले तर अधिक बरे. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग गडद होतो आणि तो प्रकाश साध्या सनस्क्रीनने फारसा अडत नाही.

हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन

इथून पुढचे घटक प्रसाधने नव्हेत, औषधे आहेत. हायड्रोक्विनोन टायरोसिनेजला जोरात अडवते. वांगावर २ ते ४ टक्के प्रमाणात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ठरावीक मुदतीसाठी ते उत्तम काम करते. पण वर्षानुवर्षे लावत राहिल्यास उलटे घडते. त्वचेत निळसर-काळा रंग साठतो आणि तो जवळपास जात नाही. डाग वाढला म्हणून माणूस आणखी लावतो आणि काळेपणा आणखी वाढतो. अमेरिकेत २०२० पासून ते चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. युरोपात त्वचा उजळणाऱ्या प्रसाधनांत ते वापरायला बंदी आहे.

ट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वापासून बनलेले औषध पेशींची उलाढाल वाढवते. मुरुमांवर ते चांगले, पण सुरुवातीला त्वचा सोलते, कोरडी पडते, ऊन सोसत नाही. गर्भवतींनी आणि गर्भधारणेच्या विचारात असलेल्यांनी ते लावू नये.

स्टेरॉइडची किमया आणि किंमत

त्वचेवर लावायचे स्टेरॉइड १९५२ मध्ये आले आणि त्वचारोगशास्त्र बदलून गेले. इसब, सोरायसिस अशा आजारांत त्याला आजही तोड नाही. स्टेरॉइड दाह दाबते, रक्तवाहिन्या आकसवते आणि रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींनाही थंड करते. म्हणून निरोगी चेहऱ्यावर लावले तरी लाली जाते, मुरुम बसतात, रंग उतरतो. चार दिवसांत ‘गुण’ येतो तो यामुळे.

पण तेच औषध त्वचेचे कोलॅजन कमी करते. त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, नव्या पुटकुळ्या येतात. बंद केले की आकसलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुलतात आणि चेहरा लाल होऊन जळजळतो. भारतातील त्वचारोगतज्ज्ञ या अवस्थेला ‘स्टेरॉइडने बाधित चेहरा’ असेच नाव देतात. सोडले की त्रास, म्हणून पुन्हा लावायचे, असे हे व्यसनासारखे चक्र असते.

चेहऱ्यालाच एवढा त्रास का होतो, याचे उत्तर १९६७ मधल्या एका प्रसिद्ध अभ्यासात आहे. हाताच्या पुढच्या भागातून हायड्रोकॉर्टिसोन जेवढे शोषले जाते, त्याच्या सुमारे सहापट ते कपाळातून, तेरापट जबड्याजवळून आणि ४२ पट अंडकोषाच्या त्वचेतून शोषले जाते, असे त्यात आढळले. हायड्रोकॉर्टिसोन तर सौम्य. क्लोबेटासोल त्याच्या शेकडो पट जोरकस आहे. तळपायाच्या जाड सोरायसिससाठी लिहून दिलेली ट्यूब चेहऱ्याला किंवा जांघेत लावली की काय होईल, हे यावरून समजावे.

एका ट्यूबमध्ये तीन-चार औषधे

अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिग्मन यांनी १९७५ मध्ये एका सहकाऱ्यासोबत एक मिश्रण प्रसिद्ध केले. त्यात हायड्रोक्विनोन ५ टक्के, ट्रेटिनॉइन ०.१ टक्का आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ०.१ टक्का होते. ट्रेटिनॉइनमुळे होणारी जळजळ स्टेरॉइडने दाबायची आणि दोघांच्या मदतीने हायड्रोक्विनोनचे काम वाढवायचे, अशी कल्पना. वांगासाठी याची सुधारित रूपे आजही वापरली जातात. त्यातल्या सौम्य स्टेरॉइडच्या एका रूपाला अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली ती आठ आठवड्यांपर्यंतच्या वापरासाठी. आपल्याकडे मात्र त्याहून जोरकस मोमेटासोन घातलेले मिश्रण अनेक जण चेहऱ्याचे रोजचे क्रीम म्हणून दोन-दोन, चार-चार वर्षे लावतात.

दुसरे मिश्रण नायट्याचे. जांघेत किंवा कमरेला नायटा आला की दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ येते. तिच्यात बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि वर क्लोबेटासोलसारखे स्टेरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, कारण स्टेरॉइडने दाह दाबला. पण त्याच स्टेरॉइडने त्या जागेची प्रतिकारशक्तीही दाबली, म्हणून बुरशी आतल्या आत पसरते. ट्यूब थांबली की नायटा दुप्पट आकाराने परत येतो, आणि टॉवेल-कपड्यांवाटे घरातल्या इतरांनाही होतो. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारी ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ ही बुरशी आज भारतभर आढळते. तिच्या फैलावाला ही मिश्रणे कारणीभूत असल्याचे बहुतेक त्वचारोगतज्ज्ञ मानतात.

लेबलवर न दिसणारा पारा

वरचे घटक निदान छापलेले तरी असतात. पारा छापलेला नसतो. पारा टायरोसिनेजमधल्या तांब्याची जागा अडवतो आणि रंग बनणे थांबवतो. तो स्वस्त आहे आणि परिणाम लवकर देतो. मिनामाटा हे जपानमधले गाव पाऱ्याच्या विषबाधेमुळे जगाला माहीत झाले. त्या गावाच्या नावाने झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने पारायुक्त प्रसाधने बंद करायचे ठरवले आहे. भारताच्या २०२०च्या प्रसाधन नियमांनुसारही प्रसाधनांत पारा घालता येत नाही. नकळत मिसळला गेलेला पारा डोळ्यांची प्रसाधने सोडून इतरांत दहा लाख भागांत एका भागाहून जास्त चालत नाही. तरीही बाहेरून चोरट्या मार्गाने आलेली, पत्ता नसलेली किंवा पार्लरमध्ये साध्या डबीत भरून दिलेली काही क्रीम तपासली की पारा सापडतो.

त्याचा फटका मूत्रपिंडाला बसतो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचे २२ रुग्ण नोंदवले. मूत्रपिंडाची चाळणी गळून लघवीतून प्रथिने जाण्याचा हा विकार. त्यांपैकी १५ जणांत तो एका दुर्मीळ प्रकारचा निघाला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम लावत होते. महाराष्ट्रातही असे रुग्ण आढळले आहेत. पायांवर आणि डोळ्यांभोवती सूज, लघवीला फेस, अशी त्याची सुरुवात होते. वेळीच ओळखून क्रीम बंद केले तर बरेच जण सुधारतात. पाऱ्याची वाफही होते, त्यामुळे क्रीम न लावणाऱ्या घरातल्या लहान मुलांच्या अंगातही तो जाऊ शकतो.

ट्यूब कशी वाचावी?

प्रसाधनाच्या लेबलवर घटक उतरत्या क्रमाने छापतात. एक टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी, कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. जाहिरातीत मोठे नाव असलेला घटक यादीच्या शेपटाला असेल तर तो नावापुरताच असण्याची शक्यता असते.

ट्यूबवर ‘आरएक्स’ हे चिन्ह किंवा ‘शेड्यूल एच’चा इशारा असेल तर ते औषध आहे, प्रसाधन नव्हे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइड्स या यादीत घातली. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन ही नावे लक्षात ठेवावीत. केटोकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल ही ऐकायला त्यांच्यासारखी वाटली तरी बुरशीची औषधे आहेत, स्टेरॉइड नव्हेत.

उत्पादकाचे नाव, पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत यांपैकी काही नसेल तर ती डबी घेऊच नये. ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना असेल तर तो पाऱ्याचा संशय घ्यावा असा इशारा आहे, कारण पारा सोन्याशी संयोग पावतो.

ट्यूब चालू असेल तर?

महिनोन्महिने स्टेरॉइडची ट्यूब लावत असलेल्यांनी ती घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. रिकामी ट्यूबही सोबत न्यावी, कारण निम्मे निदान तिच्यावरच लिहिलेले असते. स्टेरॉइड एकदम सोडायचे की हळूहळू कमी करायचे, हे कोणते औषध किती काळ लावले यावर ठरते. बंद केल्यावर काही आठवडे, कधी काही महिने चेहरा लाल राहतो, जळजळतो. हा काळ जातो. तेवढ्यात साधे वास नसलेले मॉइश्चरायझर, सौम्य साबण आणि सनस्क्रीन एवढेच पुरे. लिंबू, बेकिंग सोडा, टूथपेस्ट असले घरगुती प्रयोग या दिवसांत मुळीच करू नयेत.

बिनपत्त्याचे क्रीम लावत असलेल्यांनी ते लगेच थांबवावे आणि एकदा लघवीची तपासणी करून घ्यावी. तिच्यात प्रथिने जात असल्याचे कळते. ही तपासणी साधी आणि स्वस्त असून कोणत्याही सरकारी रुग्णालयात होते. सूज असेल तर तिची वाट पाहत बसू नये.

डाग, वांग, मुरुम यांवर चांगले उपचार आहेत आणि त्यांत वरची औषधेही येतात. मात्र कोणाला, कोणते, किती आणि कधीपर्यंत लावायचे हे त्वचा पाहूनच ठरवावे लागते. शेजारणीला लागू पडलेली ट्यूब आपल्यालाही लागू पडेलच असे नाही.