बोअरला बंदी, सुईला मुभा!

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारात शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. जमिनीला भोक पाडायचं म्हटलं की गावाचा नियम आडवा येतो. अंगाला भोकं पाडून घ्यायला मात्र कुठलाही ठराव आड येत नाही. त्यामुळे कांदा काढून कंबर धरली असेल, तर ॲक्युपंक्चरच्या खाटेवर खुशाल पालथं पडावं. पण ज्या गावात दरवर्षी पावसाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून मगच कोणती पिकं घ्यायची ते ठरतं, तिथल्या माणसाने सुईचा हिशेब न विचारता पाठ उघडी करू नये. बाकीच्यांनीही करू नये म्हणा!

पहिली भीती असते ती दाभणाची. ती आधी मनातून काढा. ॲक्युपंक्चरची सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची असते. इंजेक्शनची नेहमीची सुई तिच्या दुप्पट-तिप्पट भरते, कारण तिला पोटातून औषध वाहून न्यायचं असतं. ही सुई भरीव असते. ‘डॉक्टर, यात औषध कोणतं भरलंय?’ या प्रश्नाचं उत्तर ‘काहीच नाही’ असंच येणार, आणि ते खरं असतं.

सुईबरोबर प्लास्टिकची एक बारीक नळी येते. नळी कातडीवर टेकवायची, आत सुई सोडायची आणि वरून बोटाने टिचकी मारायची. टोचल्याचं कळेपर्यंत काम झालेलं असतं. ही युक्ती सुगियामा वाइची या सतराव्या शतकातल्या जपानी वैद्याच्या नावावर आहे. गंमत म्हणजे हा वैद्य आंधळा होता. कथा अशी सांगतात की, बिचारा शिकताना गुरूकडून नापास होऊन परत निघाला, वाटेत दगडाला ठेचकाळून पडला आणि हाताला काहीतरी टोचलं. चाचपून पाहिलं तर पोकळ नळीत अडकलेलं पाइनचं सुईसारखं पान! कथेत मीठमसाला किती ते सोडा, पण आंधळ्या माणसाची ती नळी आज डोळस लोक जगभर वापरतात.

सुई गेली की दुखतं का? मुंगी चावल्याइतकं, तेही क्षणभर. मग त्या जागी जडपणा येतो, झिणझिण्या येतात किंवा आतून कुणी ओढल्यासारखं वाटतं. चिनी वैद्य याला ‘द-ची’ म्हणतात आणि ते जाणवलं की खूश होतात. विजेचा झटका बसल्यासारखी कळ गेली, तर मात्र लाजू नका, लगेच सांगा. सुया वीस-तीस मिनिटं अंगात असतात, तेवढा वेळ कूस बदलायची नाही. नंतर एखाद्या जागी रक्ताचा ठिपका किंवा निळसर डाग दिसला, तर घाबरण्यासारखं काही नाही.

बिंदू शोधायला टेप लागत नाही. मोजमाप रुग्णाच्याच अंगठ्याच्या रुंदीने होतं, म्हणजे पैलवानाची पट्टी वेगळी आणि पोराची वेगळी. आपल्या आयुर्वेदातही ज्याचं माप त्याच्याच अंगुळांनी घेतात. मनगटाच्या घडीपासून दोन अंगठे वर, दोन कंडरांच्या मधोमध असलेला बिंदू मळमळीवरचा म्हणून प्रसिद्ध आहे. काही ठिकाणी सुईबरोबर मोक्सा नावाची वनस्पती पेटवून शेक देतात. ही आपल्या जोतिबाला वाहतात त्या दवण्याच्याच कुळातली.

आता सोलापूरकरांना आवडेल अशी गोष्ट. १९३८ साली काँग्रेसने युद्धात होरपळणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे चोळकरही. कोटणीस तिथेच राहिले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. शांतारामबापूंचा १९४६ चा चित्रपट त्यांच्यावरच आहे. त्यामुळे ‘ॲक्युपंक्चर भारतात कोटणिसांनी आणलं’ असं बरेच जण ठोकून देतात. ते चूक आहे. कोटणीस शल्यविशारद होते. सुया आणल्या त्या त्याच पथकातल्या बिजॉयकुमार बसूंनी. ते पन्नाशीच्या दशकाअखेर पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि कोलकात्यात सुरू केली. पुढे ती पसरली मात्र कोटणिसांच्या नावाच्या स्मृती समितीच्या आधाराने, एवढं श्रेय सोलापूरला द्यायला हरकत नाही.

अमेरिकेलाही हे वेड असंच अर्धवट माहितीतून लागलं. १९७१ मध्ये जेम्स रेस्टन या पत्रकाराचं पेकिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. ते रीतसर भूल देऊन झालं होतं. नंतर पोट फुगलं म्हणून सुया टोचल्या. लोकांनी मात्र सुयांवरच पोट फाडलं, असं पसरवलं!

मग गुण येतो का? इथे जरा थांबायला हवं. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांचे तीन गट केले होते. २००७ मध्ये निकाल आला. खऱ्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना बरं वाटलं. भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी फक्त २७.४ टक्क्यांना. म्हणजे सुईवाल्यांना फायदा झाला हे खरं, पण बिंदू नेमका सापडल्याने फारसा फरक पडला नाही, हेही तितकंच खरं. माझं मत विचाराल तर कंबर, मान, गुडघे, डोकेदुखी यांसाठी करून बघायला हरकत नाही. शुगर कायमची घालवतो, गाठ विरघळवतो असं कुणी म्हणालं, की चपला घालाव्यात. बीपी-शुगरच्या गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत. छातीत कळ आली किंवा तोंड वाकडं झालं, तर सुई नव्हे, दवाखाना गाठायचा.

टोचणारा कोण, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली परिषद आहे. केंद्रानेही २०१९ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. तेव्हा भिंतीवरच्या फोटोंपेक्षा नोंदणी क्रमांक बघा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, दिवस गेले असतील, हृदयाला पेसमेकर असेल, तर सुईआधी सांगा. पेसमेकरवाल्यांनी सुईला वीज जोडून घ्यायची नाही.

आणि सुई नवीच हवी. हिवरे बाजारात लग्नाआधी एचआयव्हीची तपासणी करून घ्यायचा नियम आहे. रक्तावाटे काय-काय पसरतं हे तिथे वेगळं शिकवायला नको. सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे आणि वापरलेली सुई तुमच्यासमोर डब्यात गेली पाहिजे. टोचलेल्या किती, काढलेल्या किती, तेही मोजा. एखादी केसांत किंवा कानामागे राहून जाऊ शकते.

जाताना सैल कपडे घाला, म्हणजे बाह्या-पायचे वर करता येतील. उपाशीपोटी जाऊ नका, पहिल्या खेपेला चक्कर येते ती बहुधा रिकाम्या पोटी आलेल्यांनाच.