रस्त्यातला माणूस, फोटोतला माणूस

माणूस दिसतो असा जगातला सगळ्यांत जुना फोटो कुणाचा, असं विचारलं तर आपल्या डोळ्यांसमोर एखादा राजा येतो, सेनापती येतो, निदान एखादा शास्त्रज्ञ तरी येतो. प्रत्यक्षात हा मान जातो रस्त्याच्या कडेला बूट पॉलिश करून घेणाऱ्या एका माणसाकडे. साल १८३८, शहर पॅरिस. फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या लुई दागेरने खिडकीतून खालच्या हमरस्त्याचा फोटो घेतला. रस्ता वाहता होता. घोडागाड्या होत्या, माणसांची ये-जा होती. पण त्या काळच्या रसायनांना प्रकाश टिपायला काही मिनिटं लागत. तेवढ्या वेळात जो चालत राहिला तो चित्रातून पुसला गेला. त्यामुळे फोटोत रस्ता ओस पडलेला दिसतो. फक्त एका कोपऱ्यावर एक माणूस उभा आहे, एक पाय वर टेकवलेला, आणि त्याच्यासमोर पॉलिशवाल्याची पुसट आकृती. पॉलिश होईपर्यंत तो जागचा हलला नाही, म्हणून तो राहिला. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही.

मित्रहो, आज ज्याला स्ट्रीट फोटोग्राफी म्हणतात तिचं सगळं मर्म मला या फोटोत दिसतं. रस्ता, बाजार, स्टेशन, चौपाटी अशा सगळ्यांच्या जागी, कुणालाही ‘जरा इकडे बघा’ न म्हणता, चाललेलं आयुष्य आहे तसं टिपायचं, ही या फोटोग्राफीची साधी व्याख्या. तिला लग्नसमारंभ लागत नाही, बातमी लागत नाही, मोठा माणूस तर मुळीच लागत नाही.

मी काही फोटोग्राफर नाही. कविता लिहितो. पण कविता लिहिणारा आणि कॅमेरा घेऊन रस्त्यावर हिंडणारा यांचा धंदा एका बाबतीत सारखाच आहे. सगळ्यांना फुकट दिसणाऱ्या गोष्टीकडे दोघांनाही नीट बघावं लागतं. अरुण कोलटकर मुंबईत काळा घोड्याजवळच्या वेसाइड इन या उपाहारगृहात वर्षानुवर्षं येऊन बसत आणि बाहेरचा चौक न्याहाळत. फुटपाथवर राहणारी माणसं, भटकी कुत्री, सकाळचा नाश्ता विकणारी बाई हे सगळं त्यांच्या २००४ साली आलेल्या ‘काळा घोडा पोएम्स’ या इंग्रजी संग्रहात आहे. हातात कॅमेरा नव्हता एवढंच. बाकी काम तेच.

आता आपल्याकडे कॅमेरा आला कसा ते पाहू. फोटोग्राफीचा शोध जगजाहीर झाला १८३९ साली, आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापनही झाली. तिच्यात आपली माणसंही होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर. त्याच सुमारास विल्यम जॉन्सन नावाचा इंग्रज फोटोग्राफर मुंबईतल्या माणसांचे फोटो काढत होता. त्याचा मुंबईतल्या जातीजमातींवरचा दोन खंडांचा ग्रंथ १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध झाला. या ग्रंथातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. माणसांचे फोटो वेगळे घेतलेले आणि मागचं दृश्य वेगळं. दोन्ही एकत्र जोडून एक चित्र तयार केलेलं. म्हणजे माणसं मुंबईतल्या एखाद्या इमारतीपुढे उभी दिसतात, पण त्या क्षणी ती तिथे नव्हतीच. आणि खाली त्यांचं नाव नाही, तर जात किंवा जमात लिहिलेली.

जॉन्सनचं काम मेहनतीचं होतं, आज ते इतिहासाचं मोलाचं साधन आहे, हे मान्यच करायला हवं. पण त्या माणसांकडे बघण्याची एक रीत त्यात पक्की झाली, ती म्हणजे नमुना म्हणून बघण्याची. वाण्याच्या दुकानात धान्याच्या पोत्यातून मूठभर दाणे काढून दाखवतात ना, तशी. पॅरिसच्या रस्त्यावरचा तो माणूस आपल्याला त्याच्या जातीने माहीत नाही, तो काय करत होता यावरून माहीत आहे. तो बूट पॉलिश करून घेत होता. रस्त्यावरच्या फोटोंचं बरंवाईट मी या एका कसोटीवर करतो. फोटोत नमुना दिसतो की काहीतरी करत असलेला माणूस?

मधल्या काळात कॅमेरा बदलला. १९२५ साली जर्मनीत लायका हा छोटा कॅमेरा बाजारात आला. तिपाई नको, काळं कापड नको. खिशात मावावा एवढा कॅमेरा, आणि सेकंदाच्या पाचशेव्या भागात उघडझाप करणारा पडदा. दागेरला जिथे काही मिनिटं लागत होती तिथे आता पापणी लवायच्या आत काम होऊ लागलं. चालणारा माणूस पुसला जाण्याचे दिवस संपले.

या कॅमेऱ्याचं सोनं केलं ते फ्रान्सच्या आंरी कार्तिए-ब्रेसाँ या अवलियाने. १९३२ साली त्याने पॅरिसच्या सां-लझार स्टेशनमागे एक फोटो घेतला. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतो आहे. त्याची टाच पाण्याला टेकायला केसाएवढं अंतर उरलेलं आहे, आणि खाली पाण्यात त्याचं प्रतिबिंब. पावसाळ्यात मुंबईत राहिलेल्या माणसाला ही उडी ओळखीची वाटल्याशिवाय राहणार नाही. १९५२ साली त्याचं पुस्तक आलं. इंग्रजीत त्याचं नाव ‘द डिसिसिव्ह मोमेंट’, म्हणजे निर्णायक क्षण. हे शब्द पुढे जगभर गाजले. पण मूळ फ्रेंच नाव वेगळंच आहे. परवाना नसलेला फेरीवाला रस्त्यावर माल मांडतो, एक डोळा गिऱ्हाइकावर आणि एक पोलिसावर ठेवून, पळायच्या तयारीत विकतो. त्या विक्रीसाठी फ्रेंच भाषेत जो वाक्प्रचार आहे, तोच त्या नावात आहे. ‘निर्णायक क्षण’ म्हटलं की फोटोग्राफर सेनापतीसारखा वाटतो. फ्रेंच नावात तो महापालिकेची गाडी येताच गाठोडं उचलणाऱ्या फेरीवाल्यासारखा दिसतो. मला दुसरी प्रतिमा अधिक खरी वाटते.

हाच कार्तिए-ब्रेसाँ भारतात आला होता. ३० जानेवारी १९४८ रोजी तो गांधीजींना भेटला आणि त्यानंतर थोड्याच वेळात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी त्याने श्रीनगरला हरी पर्बत टेकडीच्या उतारावर एक फोटो घेतला. पहाटेची वेळ. काही मुस्लिम स्त्रिया उभ्या आहेत, आपल्याकडे पाठ करून. समोर दरी, पलीकडे डोंगर आणि ढग. त्यातल्या एकीने दोन्ही हात पुढे पसरलेत. माझ्या घरातल्या बायकांना मी असे हात पसरताना लहानपणापासून पाहत आलो आहे, म्हणून त्या फोटोसमोर मी जरा जास्त वेळ थांबतो. पण ज्याला दुआ हा शब्दही माहीत नाही, त्यालाही ती बाई काहीतरी मागते आहे हे कळतं. बुरखा तिथे आहेच, पण नजर जाते ती हातांकडे.

याच्या उलट अनुभव आमच्याकडे रमजानमध्ये दर वर्षी येतो. मोहम्मद अली रोडवर, मिनारा मशिदीच्या आसपास, रात्री कॅमेरेवाल्या हौशी मंडळींची झुंबड उडते. चांगली पोरं असतात, प्रेमाने येतात. पण बहुतेकांचे फोटो एकसारखे. निखाऱ्यांचा धूर, टोप्या, दाढ्या, मालपुवा. जॉन्सनचा ग्रंथच जणू रंगीत होऊन परत आला. मी त्यांना म्हणतो, बाबांनो, रात्री दहाला येण्यापेक्षा इफ्तारच्या आधी दहा मिनिटं या. तेव्हा रस्त्यावर एक विलक्षण गोष्ट घडते. घाई अचानक थांबते. हातगाडीवाला गाडी कडेला लावून मनगटावरच्या घड्याळाकडे बघतो. दुकानदार गल्ल्यावर वर्तमानपत्र पसरून खजूर आणि फळांच्या फोडी मांडतो. कुणीतरी चौकातल्या हवालदाराच्या हातात सरबताचा ग्लास ठेवतो आणि तोही अजान होईपर्यंत न पिता थांबतो. सगळ्यांचे हात खजुरापाशी आणि कान भोंग्याकडे. भूक लागलेली माणसं वाट बघताना सगळीकडे सारखीच दिसतात. हा फोटो टोपीशिवायही पुरा होतो.

आपल्या शहरांचे असे फोटो घेणारी थोर माणसं आपल्याकडे झाली. होमाई व्यारावाला या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी. पुढे त्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांनी सुरुवातीला मुंबईतलं रोजचं जगणं टिपलं, आणि ते फोटो छापून आले पतीच्या नावाने. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. रघुवीर सिंह यांनी जग काळ्या-पांढऱ्यात रमलेलं असताना रंगीत फिल्म हाती धरली. त्यांचं मुंबईवरचं पुस्तक १९९४ सालचं. दुकानाच्या काचा, आरसे, त्यांत उमटलेली गर्दी, असा एकाच चौकटीत चार गोष्टी सांगणारा त्यांचा रस्ता आहे. आणि रघु राय यांनी १९९५ साली चर्चगेट स्टेशनवर घेतलेला तो फोटो. त्यांनी कॅमेऱ्याचा पडदा मुद्दाम सावकाश उघडझाप करू दिला. फलाटावरची धावती गर्दी धुरासारखी पुसली गेली, आणि त्या धुरात काही माणसं शांतपणे वर्तमानपत्र वाचत असलेली स्पष्ट उरली. दागेरचा नाइलाज होता, रघु राय यांनी तोच प्रकार जाणूनबुजून वापरला. मुंबईत स्वस्थ राहणं ही केवढी दुर्मिळ गोष्ट आहे, हे त्यातून कळतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे मोठे लोक, आमच्याकडे साधा मोबाइल. तर मोबाइलही काही वाईट नाही. त्याच्या मुख्य कॅमेऱ्याची नजर बहुधा रुंद असते, म्हणजे माणूस मोठा दिसायला तुम्हाला त्याच्या जवळ जावं लागतं. लांबून झूम करून घेतलेल्या फोटोत चोरी दिसते. जवळ गेलात तर समोरच्याला तुम्ही दिसता, आणि नको असेल तर तो तसं सांगू शकतो. एक जागा निवडा आणि अर्धा तास तिथेच थांबा. पहिली दहा मिनिटं लोक तुमच्याकडे बघतात, मग विसरतात. उजेड तिरपा असताना जा, सकाळी किंवा दुपार कलल्यावर. जुन्या रोलमध्ये छत्तीसच फोटो निघत, तेव्हा दिवसाला छत्तीस ही मर्यादा आजही स्वतःवर घालून बघा. बोट आवरलं की डोळा काम करू लागतो.

कॅमेरा खाली कधी करायचा, हे मात्र वर काढण्याआधी ठरवून घ्यायला हवं. फुटपाथवर झोपलेला माणूस, रडणारी बाई, दवाखान्याच्या दारातला नातेवाईक, कुणाचंही एकटं मूल. या लोकांना त्या घडीला नकार देता येत नाही, म्हणून तो नकार आपणच गृहीत धरायचा. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. माणूस घराबाहेर पडला म्हणून त्याची अब्रू घरी राहत नाही. शिवाय पूर्वी फोटो अल्बममध्ये जायचा, आता तो क्षणात हजारो हातांत जातो, आणि वाटेत कुणीतरी त्याच्याखालची ओळ बदलतो. वाट बघणारा माणूस एका ओळीने संशयित होऊ शकतो. माझ्यासारखं नाव आणि चेहरा असलेल्या माणसाला ही भीती पुस्तकात वाचावी लागत नाही. म्हणून फोटोइतकीच त्याच्याखालची ओळ जपून लिहायला हवी.

आणि तरीही हे फोटो घ्यायलाच हवेत. शहर आपल्याला न सांगता बदलतं. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. जुन्या डिझेल डबलडेकर बस आणि प्रीमियर पद्मिनी टॅक्सी, दोन्ही २०२३ साली रस्त्यावरून गेल्या. शेवटच्या दिवशी फोटोंसाठी गर्दी झाली. पण डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पुढच्या सीटसाठी भांडणारी भावंडं, टॅक्सीच्या टपावर गादी बांधणारा ड्रायव्हर, हे फोटो शेवटच्या दिवशी मिळत नाहीत. ते एखाद्या बिनमहत्त्वाच्या मंगळवारी घ्यावे लागतात.

एवढं एक करून बघा. या आठवड्यात तुमच्या गल्लीतला एक फोटो घ्या, इस्त्रीवाल्याचा, फुलवालीचा, रिक्षाच्या रांगेचा. त्यांना विचारून घेतलात तरी बिघडत नाही. एक प्रत छापून त्यांना द्या आणि एक घरी ठेवा. मागे पेनाने तारीख लिहा, जागा लिहा, आणि तो माणूस त्या वेळी काय करत होता ते लिहा.